धूर मोजायचा कुठे?

1 एप्रिल 2010 रोजी लखनौ आणि सोलापूर ही दोन शहरं एका सरकारी यादीत आली. वाहनांच्या धुराचे ‘भारत स्टेज 4’ हे नवे नियम आधी कुठे लागू करायचे, याची ती यादी होती. दिल्ली आणि तिचा परिसर, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद, पुणे, सुरत, कानपूर, आग्रा, सोलापूर आणि लखनौ. उरलेल्या देशाला त्याच वर्षी एक पायरी खालचा स्टेज 3 मिळाला. म्हणजे लखनौच्या हजरतगंजात विकली जाणारी मोटार स्टेज 4 ची, आणि शेजारच्या बाराबंकीत स्टेज 3 चालत होता.

नियमाच्या मजकुरातच एक अपवाद होता. आंतरराज्य परवान्यावर किंवा नॅशनल परमिटवर धावणाऱ्या वाहनांना ही अट लागू नव्हती. लांब पल्ल्याचे ट्रक जवळजवळ सगळे याच परवान्यावर चालतात. त्यामुळे कानपूर रोडवरून लखनौच्या ट्रान्सपोर्टनगरात शिरणारा माल भरलेला ट्रक कायद्याच्या नजरेत लखनौचा नव्हताच. सोलापुरात तर हैदराबाद, पुणे आणि विजापूरकडचे रस्ते एकत्र येतात. तिथल्या धुरात स्थानिक मोटारींचा वाटा किती आणि पाहुण्या ट्रकांचा किती, हे सोलापूरकराला यादी वाचून सांगायची गरज नव्हती.

पण या अपवादात लबाडी नव्हती. ट्रक लखनौत डिझेल भरतो, तसाच झाशीत भरतो आणि धुळ्यातही भरतो. 2010 साली यादीतल्या शहरांत डिझेलमधलं गंधक दहा लाखांत 50 भाग होतं. बाहेर ते 350 भागांपर्यंत चालत असे. धूर स्वच्छ करणारी रासायनिक यंत्रणा गंधकाने नासते. शहरातल्या डिझेलवर बेतलेला ट्रक हायवेवरच्या डिझेलवर चालवला, तर महागडी यंत्रणा लवकरच निकामी होणार. सायलेन्सरची गोष्ट अशी पंपावर आणि पुढे तेलशुद्धीकरण कारखान्यात जाऊन पोहोचते.

तोक्योने हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला होता. तिथले गव्हर्नर शिन्तारो इशिहारा यांनी 1999 साली पत्रकारांसमोर डिझेलच्या काजळीने भरलेली प्लास्टिकची बाटली हलवून दाखवली. 1 ऑक्टोबर 2003 पासून तोक्यो आणि लगतच्या तीन प्रांतांनी काजळीची मर्यादा न पाळणाऱ्या डिझेल ट्रकांना आणि बसना बंदी केली, आणि ती बाहेरून येणाऱ्या गाड्यांनाही लागू केली. ट्रक कुठे नोंदवला आहे, हे तिथे महत्त्वाचं नव्हतं; तो आत्ता कुठे धूर सोडतो आहे, हे होतं. आपल्याकडे हा विचार रुजायला आणखी बरीच वर्षं गेली.

जगभरच्या ट्रक-नियमांची तुलना करणारे तक्ते पाहिले, तर त्यांत एक मोजमाप सारखं भेटतं: दर किलोवॅट-तासाला इतके ग्रॅम. मोटारीचा धूर किलोमीटरमागे मोजतात. ट्रकचा मात्र इंजिनाने केलेल्या कामामागे, कारण एकच इंजिन कधी दहा टनांच्या गाडीत बसतं, तर कधी पंचवीस टनांच्या. भारत स्टेज 3 ला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा 5 ग्रॅम होती, स्टेज 4 ला साडेतीन, आणि स्टेज 6 ला ती 0.46 ग्रॅमवर आली. काजळीची मर्यादा 0.10 वरून 0.01 वर. स्टेज 5 आपण गाळलाच. जानेवारी 2016 मध्ये रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरींनी ही उडी जाहीर केली आणि 1 एप्रिल 2020 पासून ती देशभर लागू झाली. युरोपने याच पातळीचा युरो 6 ट्रकना 2013 अखेरीस पूर्णपणे लावला होता, चीनने 2021 च्या जुलैत लावला, ब्राझीलने 2023 च्या जानेवारीत. अमेरिकेची 2010 पासूनची मर्यादा याहून कडक आहे आणि 2022 च्या डिसेंबरात तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने त्याच्याही साधारण एक षष्ठांशाचा नियम 2027 च्या इंजिनांसाठी मंजूर केला. कागदावर पाहिलं तर भारतीय ट्रक आज युरोपीय ट्रकच्या रांगेत उभा आहे, आणि ऑस्ट्रेलियाच्या आधी तो तिथे पोहोचला. ऑस्ट्रेलियाने युरो 6 सक्तीचा केला तो नव्या मॉडेलांना 2024 च्या नोव्हेंबरात आणि सगळ्या नव्या ट्रकना त्यानंतर वर्षाने.

हा 0.46 आकडा येतो कुठून? इंजिन गाडीतून काढून प्रयोगशाळेत डायनॅमोमीटरला जोडतात. पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत हे काम चालतं. मग त्याला एका ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे अर्धा तास पळवतात: इतके सेकंद वेग वाढव, इतके सेकंद जोर कमी कर, मध्येच रिकामं चालू ठेव. हे वेळापत्रक संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली तयार झालं आणि त्याच्या नावातच ‘जागतिक’ हा शब्द आहे. त्यासाठी रस्त्यांवरच्या ज्या वाहनांची माहिती गोळा केली, ती ऑस्ट्रेलिया, युरोप, जपान आणि अमेरिकेतली होती. टाटा मोटर्सचा लखनौचा कारखाना 1992 पासून ट्रक आणि बस बनवतो आहे. तिथून बाहेर पडणारी गाडी ज्या रस्त्यांवर धावते, ते त्या जगात नव्हते.

आता एक ट्रक कल्पनेत घेऊ. जूनमध्ये कोकणातला हापूस संपला की वाशीच्या बाजारात उत्तरेकडचा दशहरी येतो. त्यातला बराच लखनौजवळच्या मलिहाबादचा. आंब्याच्या पेट्या भरलेला स्टेज 6 चा ट्रक मलिहाबादहून निघतो. दिवसा शहरात नो-एंट्री, म्हणून तो एक तर किसान पथ या 104 किलोमीटरच्या बाह्यवळणाने जातो किंवा रात्र होण्याची वाट बघत रांगेत उभा राहतो. पुढे कानपूर, झाशी, शिवपुरी, गुना, इंदूर, सेंधव्याचा बिजासन घाट, शिरपूर, धुळे, मालेगाव, नाशिक, कसारा घाट, भिवंडी. जवळपास चौदाशे किलोमीटर.

या ट्रकमध्ये नायट्रोजन ऑक्साइड मारण्यासाठी एक डबा आहे. इंजिनातून निघालेल्या गरम धुरावर युरियाचं पाणी फवारलं जातं, त्याचा अमोनिया होतो, आणि उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर अमोनिया आणि नायट्रोजन ऑक्साइड मिळून साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ उरते. रसायनशास्त्राची ही फार देखणी कामगिरी आहे, पण तिला उष्णता लागते. धुराचं तापमान साधारण 200 अंशांच्या खाली गेलं की फवारणी थांबवावी लागते. नाहीतर युरियाचे पांढरे खडे जमून नळी बुजते. काजळी अडवणाऱ्या गाळणीचंही तसंच. साठलेली काजळी जाळून टाकायला सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं.

झाशी ओलांडली की ट्रक भरल्या वजनाने ताशी साठने चालतो, धूर तापलेला, डबा व्यवस्थित काम करतो. चढणीवर तर उत्तमच. कसारा घाट उतरताना इंजिनावर जोर नसतो आणि नळी गार पडू लागते. भिवंडीच्या कोंडीत ट्रक दहा मिनिटांत दोनशे मीटर सरकतो. तिथून ठाणे, मग वाशी, तोच प्रकार. लखनौत नो-एंट्री उठेपर्यंत चालू ठेवलेलं इंजिनही याच अवस्थेत असतं. म्हणजे शिवपुरीच्या माळरानावर, जिथे श्वास घ्यायला फारसं कोणी नाही, तिथे ट्रक सर्वांत स्वच्छ. आणि भिवंडीत, जिथे रस्त्याकडेला खिडकी उघडी टाकून माणसं झोपली आहेत, तिथे सर्वांत घाण. मला या विषयातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. यात कोणी कायदा मोडलेला नाही.

युरोपला हे उमगलं तेव्हा तिथे युरो 5 चे दिवस होते. नेदरलंड्समधल्या टीएनओ या संस्थेने युरो 5 चे ट्रक प्रत्यक्ष रस्त्यावर मोजले. हायवेवर ते ठीक होते; शहराच्या संथ वेगात मात्र त्यांचा नायट्रोजन ऑक्साइड जुन्या ट्रकांच्या पंगतीला जाऊन बसत होता. तेव्हाच्या परीक्षेत इंजिन आधी तापवून घेत असत, शहराची संथ चाल त्यात फारशी नव्हती. म्हणून युरो 6 मध्ये थंड इंजिनाने परीक्षा सुरू करायची अट आली, आणि गाडीवर मोजणी यंत्र लादून खऱ्या रस्त्यावर फेरी मारायची अटही. आपल्याकडे रस्त्यावरच्या मोजणीची ही अट 1 एप्रिल 2023 पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात आली.

अमेरिकेत भानगड नेमकी उलट्या टोकाला झाली होती. तिथली परीक्षा वीस मिनिटांची, सतत वेग बदलणारी. अमेरिकी ट्रक मात्र तासन्‌तास एकाच वेगाने सरळ महामार्गावर धावतो. कॅटरपिलर, कमिन्स, डेट्रॉइट डिझेल, मॅक, नाविस्टार, रेनो आणि व्होल्वो या सात उत्पादकांनी इंजिनाच्या संगणकात असा हिशेब भरला होता की एकसारखा वेग दिसला की इंजिनाने डिझेल वाचवावं आणि नायट्रोजन ऑक्साइड वाढू द्यावा. परीक्षेत तो वेग यायचाच नाही. 1998 च्या ऑक्टोबरात सरकारशी तडजोड झाली, सुमारे 13 लाख इंजिनांचा प्रश्न होता, दंडच 8 कोटी 34 लाख डॉलरचा झाला. परीक्षेपुरता मोटारींचा धूर कमी दाखवण्याच्या फोक्सवागन प्रकरणाच्या सतरा वर्षं आधीची ही गोष्ट, पण ती फारशा लोकांना माहीत नाही. प्रत्येक खंडातली पळवाट त्या खंडातल्या रस्त्याच्या आकाराची असते. अमेरिकेत ती सरळ महामार्गावर सापडली, युरोपात जुन्या शहरांच्या गल्ल्यांत. 2027 च्या अमेरिकी नियमात आता कमी जोराच्या, रखडत चालण्याच्या वेगळ्या परीक्षेचीही भर आहे. बंदरांत कंटेनरसाठी रांगा लावणाऱ्या ट्रकांनी कॅलिफोर्नियाला ती शिकवली. भिवंडीचा ट्रक त्या परीक्षेला बसवला तर काय होईल, हे पाहण्यासारखं आहे.

नायट्रोजन ऑक्साइड जवळजवळ दिसत नाही, याचा मोठा परिणाम होतो. आपल्याकडची पीयूसी चाचणी उभ्या ट्रकचा अॅक्सिलरेटर दाबून धुराचा काळेपणा मोजते. काळेपणा म्हणजे काजळी. युरियाची टाकी कोरडी असलेला ट्रक ही चाचणी आरामात पास होईल. युरोपात रस्त्यावरच्या तपासण्यांत असे ट्रक सापडले आहेत ज्यांत सेन्सरला ‘युरिया चालू आहे’ असं खोटं सांगणारं छोटं यंत्र बसवलेलं होतं. खर्च वाचवण्याचा मार्ग. आपल्याकडे त्याला आणखी एक पदर आहे. शेतीच्या अनुदानित युरियाची 45 किलोची गोणी 270 रुपयांच्या आत मिळते. उद्योगांना लागणारा युरिया कितीतरी महाग. शेतीचा युरिया कारखान्यांकडे वळवणाऱ्यांवर केंद्राने धाडी घातल्या, त्यात ट्रकसाठीच्या युरिया-पाण्याचाही विषय निघाला. शेतीच्या युरियावर कडुलिंबाच्या तेलाचं आवरण असतं, आणि उत्प्रेरकाला ते मानवत नाही. ट्रकमालकाने वाचवलेले रुपये मग उत्प्रेरकाच्या डब्यापायी वसूल होतात.

युरियाची टाकी किती महत्त्वाची आहे, हे 2021 च्या शेवटी दक्षिण कोरियाला कळलं. चीनने ऑक्टोबरमध्ये युरियाच्या निर्यातीवर कडक तपासणी लावली. कोरियाचा ट्रकसाठीचा जवळजवळ सगळा युरिया चीनमधून येत होता, आणि नव्या ट्रकचा संगणक युरिया संपला की गाडी सुरूच होऊ देत नाही. पंपांवर रांगा लागल्या, सरकारने रेशनिंग केलं, हवाई दलाचं विमान युरिया-पाणी आणायला ऑस्ट्रेलियाला पाठवलं. महिन्याभरात खुद्द ऑस्ट्रेलियात तुटवड्याची ओरड सुरू झाली. कडक नियम पाळणारा देश खताच्या बाजाराशी असा बांधला जातो.

वजनाचा प्रश्न वेगळाच. भरल्या ट्रकची मर्यादा युरोपात साधारण 40 टन, अमेरिकेत 80 हजार पौंड, म्हणजे सव्वाछत्तीस टन. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात मात्र साडेत्रेपन्न मीटर लांबीच्या ‘रोड ट्रेन’ शंभर टनांवर एकूण वजन घेऊन जातात. युरो 6 ची यंत्रणा पुढच्या चाकांवर वजन वाढवते, म्हणून ऑस्ट्रेलियाला पुढच्या आसाच्या मर्यादेत अर्धा टन वाढ करावी लागली; नियम उशिरा येण्यामागे हाही एक मुद्दा होता. भारताने 2018 च्या जुलैत वजनाची मर्यादा एकदम उचलली. दोन आसांचा ट्रक 16.2 टनांवरून 18.5 वर, तीन आसांचा 25 वरून 28.5 वर, सर्वांत मोठा 49 वरून 55 वर. ओव्हरलोडिंग होतंच आहे, ते कायदेशीर तरी करू, असा त्यामागचा सूर टीकाकारांना ऐकू आला. माझ्या मते निर्णय तितका वाईट नव्हता, कारण तोच माल कमी फेऱ्यांत जातो. मात्र नियम कामामागे ग्रॅम मोजतो. ट्रक जास्त लादला, चढावर पहिल्या गियरमध्ये तासभर ओढला, परत येताना रिकामा आला, तरी आकडा कायदेशीरच राहतो. हवेत गेलेले किलो वाढतात, त्यांची वही कोणी ठेवत नाही.

इंधनाच्या वापराचे भारतीय नियमही असेच बोलके आहेत. अवजड वाहनांसाठीची ही मानकं 2017 च्या ऑगस्टमध्ये अधिसूचित झाली. त्यांत ट्रक एकसारख्या वेगाने चालवून डिझेल मोजायचं: ताशी 40 आणि ताशी 60. युरोपात यासाठी लांब पल्ला, शहर, बांधकाम अशा वेगवेगळ्या फेऱ्यांचं संगणकीय गणित करतात. एकसारखा चाळीसचा वेग लखनौ-आग्रा एक्सप्रेसवेवर मिळेल. ट्रान्सपोर्टनगराच्या फाटकाशी नाही.

आणि चालक. युरोपात दिवसाला नऊ तास गाडी चालवायची, साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबायचं, टॅकोग्राफ सगळं नोंदवतो. अमेरिकेत अकरा तास. भारतात 2025 पर्यंत 1961 चा मोटार वाहतूक कामगार कायदा दिवसाला आठ तास म्हणत होता, आणि ट्रकलाइनमध्ये तो किती जणांना माहीत होता हा प्रश्नच आहे. तरीही आपला ट्रक दिवसाला तीन-साडेतीनशे किलोमीटर जातो, नऊ तास चालवणारा युरोपीय त्याच्या दुप्पट. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकर नाके गेले, तेव्हा आपल्या ट्रकचं रोजचं अंतर वाढलं. नाक्यावरच्या रांगेत इंजिन चालू ठेवून घालवलेले तास गेले, हा त्या कराचा हवेला झालेला फायदा. अर्थमंत्र्यांच्या भाषणांत त्याला फारशी जागा नव्हती.

1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचं आहे. हे फार आधी व्हायला हवं होतं. लखनौच्या जूनमध्ये पारा 45 अंशांकडे जातो आणि चालक इंजिनाच्या शेजारी बसलेला असतो. पण रात्री ढाब्यावर झोपताना एसी चालवायचा तर इंजिन चालू ठेवावं लागणार. अमेरिकेत हे जुनं दुखणं आहे. झोपायच्या केबिनचे ट्रक रात्रभर गुरगुरत उभे असतात, आणि कॅलिफोर्नियाने पाच मिनिटांहून जास्त वेळ इंजिन रिकामं चालवायला बंदी केली. आपल्या ढाब्यांवर ट्रकसाठी विजेचे प्लग कधी येतील, याचा विचार आत्ताच व्हायला हवा.

स्टेज 6 ने काहीच केलं नाही, असा मात्र अर्थ काढू नये. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या दिल्ली-गुरुग्रामच्या अभ्यासात रस्त्याकडेच्या यंत्रांनी धावत्या गाड्यांचा धूर मोजला. स्टेज 6 च्या बसचा नायट्रोजन ऑक्साइड स्टेज 4 पेक्षा सुमारे 95 टक्क्यांनी कमी निघाला. अडचण आहे ती नव्या ट्रकांच्या संख्येची. लखनौतली सीएसआयआरची विषविज्ञान संस्था, आयआयटीआर, दरवर्षी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर शहराची हवा तपासते. अलीगंज, इंदिरानगरसारख्या वस्त्या, चारबाग, आलमबाग, अमीनाबाद, चौक असे बाजार आणि ट्रान्सपोर्टनगराला लागून असलेला अमौसीचा औद्योगिक भाग ही तिची ठिकाणं. तिथल्या रस्त्यांवर 2020 नंतरचे ट्रक दिसतात, तसे पंधरा वर्षांचेही दिसतात.

जुना ट्रक जातो कुठे, हे खंडोखंडी पाहावं. युरोप आपले वापरलेले ट्रक आफ्रिकेला विकतो. स्वित्झर्लंडच्या ‘पब्लिक आय’ संस्थेने 2016 साली पश्चिम आफ्रिकेतल्या पंपांवर असं डिझेल पकडलं होतं, ज्यात युरोपात चालणाऱ्या मर्यादेच्या 378 पट गंधक होतं. त्या डिझेलवर चांगली गाडीही वाईट होते. ब्राझीलमध्ये आजही 10 भागांचं आणि 500 भागांचं डिझेल दोन्ही विकलं जातं. 2010 च्या लखनौचीच ती दक्षिण अमेरिकी आवृत्ती. नेपाळमध्ये उलटी गंमत आहे. त्याचं डिझेल इंडियन ऑइलकडूनच जातं, म्हणून 2020 पासून सोनौली आणि रुपैडिहाच्या सीमेपलीकडे स्टेज 6 चं इंधन पोहोचलं. त्या इंधनाच्या तोडीच्या गाड्या मात्र तिथे तेव्हा नव्हत्या.

भारताच्या पोटातही एक युरोप आणि एक आफ्रिका आहे. 29 मार्च 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिलपासून स्टेज 3 च्या विक्रीला बंदी केली, तेव्हा उत्पादक आणि विक्रेत्यांकडे 8 लाख 24 हजार गाड्या पडून होत्या, त्यातली सुमारे 96 हजार व्यावसायिक वाहनं. दोन दिवस सवलतींचा पाऊस पडला, आणि 31 मार्चला विकलेला ट्रक आज नऊ वर्षांचा होऊन धावतो आहे. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने 2015 साली बंदी आणली. मालक ना-हरकत दाखला घेऊन गाडी त्या परिसराबाहेर विकू शकतो. गाझियाबाद आणि मेरठ त्या परिसरात येतात, लखनौ येत नाही. 1 नोव्हेंबर 2025 पासून बाहेरचा स्टेज 3 चा मालट्रक दिल्लीत शिरू शकत नाही, आणि स्टेज 4 च्या बाहेरच्या ट्रकना 31 ऑक्टोबर 2026 पर्यंतच मुभा आहे. तोक्योचा 2003 चा नियम दिल्लीच्या वेशीवर बावीस वर्षांनी पोहोचला. वेशीवरून परतलेला ट्रक भंगारात जाईलच असं नाही. लांब पल्ल्याच्या मालाला तो चालत नाही, पण हमीरपूर-बांद्याकडची मौरंग, म्हणजे बांधकामाची जाडी वाळू, लखनौला ओढायला तो चालतो. तिथे भाडं टनावर मिळतं आणि ट्रक कोणत्या स्टेजचा आहे, हे बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, लिहावं लागत नाही.